चौकटीवरची बोटं

१

सकाळी अंगणात सडा पडला की ओल्या फडक्यानं दारांच्या चौकटी पुसायच्या, हे माझं रोजचं काम. औरंगपुऱ्यातलं आमचं भाड्याचं घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या. पुढं ओटा आणि बैठकीची खोली, मध्ये मामंजींची खोली, शेवटी स्वयंपाकघर. तिथंच मी झोपायची. चौकटी पुसून झाल्या की फडकं पिळून दोरीवर टाकायचं, चहा ठेवायचा, मामंजींना हाक मारायची आणि शाळेला पळायचं. मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायची. कुणी भुताखेतांची गोष्ट सांगायला लागलं की मी म्हणायची, नुसतं उत्तर नको, रीत दाखवा.

मामंजी म्हणजे माझे सासरे, व्यंकटराव. सगळे त्यांना नानासाहेब म्हणत. निजामाच्या अमलात ते गंगाथडीच्या, गोदावरीकाठच्या एका गावचे कुलकर्णी होते. पोलीस ॲक्शननंतर गाव सोडून औरंगाबादला आले. श्रीधर, माझा नवरा, लग्नाला वर्ष होतं न होतं तोच विषमज्वरानं गेला. माझा भाऊ मला न्यायला आला, तेव्हा मामंजी दारात उभे राहून म्हणाले, "भानू कुठंही जाणार नाही. ती शिकणार आहे." नातेवाईक तोंडाला येईल ते बोलले. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला मॅट्रिकला बसवलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी छत्री घेऊन ते शाळेच्या फाटकापर्यंत माझ्यासोबत आले होते. जन्मदात्यानं केलं नाही ते माझ्यासाठी ह्या माणसानं केलं. माझी त्यांच्यावर फार माया होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना विसरायला होईल.

त्यांच्या दोन गोष्टी मात्र जगावेगळ्या होत्या. एक म्हणजे आमच्या घरात पान नव्हतं. कुलकर्ण्याच्या घरात पानाचा डबा नाही, हे ऐकून पाहुणे चाट पडायचे. आम्ही त्यांना बडीशेप द्यायचो. चुन्याची डबी तर लांबच राहिली. दिवाळीआधी घरमालक भिंतींना चुना काढायचा तेव्हा मामंजी पैठणला नाथांच्या दर्शनाला जायचे आणि वास गेला की परत यायचे. दमा असेल, असं मी समजून चालले होते. दुसरी गोष्ट म्हणजे दारातून बाहेर पडताना ते उजव्या हाताची दोन बोटं चौकटीवर टेकवायचे आणि हलकेच खाली ओढायचे. नमस्कार करत असावेत, असं मला वाटायचं. बघायला बरं वाटायचं ते.

त्या वर्षी घटस्थापनेच्या सकाळी बाहेरची चौकट पुसायला गेले, तर उजव्या अंगाला, कमरेच्या जरा वर, चुन्याची दोन बोटं ओढलेली होती. चुना ओला होता.

पान खाणाऱ्याची ही खोड कुणाला ठाऊक नाही? पानाला लावून उरलेला चुना हात जाईल तिथं पुसायचा, खांबाला, भिंतीला, नाहीतर एसटीच्या बाकाला. आला असेल कुणी पहाटे, म्हटलं, आणि पुसून टाकला.

२

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जागा तीच, उंची तीच. दूध घालायला सांडू गवळी यायचा, त्याच्यावर मी तोंड सोडलं. तो बिचारा कासंडी हातात धरून उभाच राहिला.

"बाई, म्या तमाकू खातो, खोटं कशाला बोलू? पर चुना पुसतो तो आपल्या धोतराला. तुमच्या चौकटीनं माझं काय घोडं मारलंय?"

बरोबर होतं त्याचं. मी ओशाळले आणि दूध घेतलं.

मग एका दुपारी शाळेतून आले तर बोटं मधल्या चौकटीवर होती. बैठकीतून मामंजींच्या खोलीत जायचं दार ते. मामंजी सकाळपासून घरी नव्हते, बाहेरच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कनवटीला. मी तिथंच उभी राहून वास घेतला. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या विड्याच्या पानांना एक हिरवा वास असतो, तो आला. आणि मामंजींच्या रिकाम्या खोलीतून आवाज आला. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्. अडकित्त्यानं सुपारी कातरताना येतो तसा. आत जाऊन बघितलं तर खाट, देवांचा कोनाडा आणि खुंटीवरचा कोट, बाकी काही नव्हतं. आवाज घुशीचा असेल. घूस लाकूड कुरतडते. घुशीला चुना कुठून मिळाला, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

मग मनात आलं की मामंजीच करत असतील. वय झालं की माणूस जुन्या सवयीकडं वळतो. गुलमंडीवरच्या पानठेल्यावरून चोरून चुना आणत असतील आणि त्यांनाच आठवत नसेल. ही रीत मला पटली. मी त्यांच्या कोटाचे खिसे उलटे केले, धोतराचे सोगे उजेडात धरून बघितले, उशीखाली हात घातला. चष्म्याचं घर आणि तुळशीची माळ सोडून काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाळत ठेवली. मामंजी रोज सकाळी वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला जायचे. टोपी घालून ते निघाले तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, "मामंजी, हात बघू, काही लागलंय का?" त्यांनी दोन्ही तळवे लहान मुलासारखे पुढं केले. स्वच्छ होते, कोरडे. मग ते दारापाशी गेले, रोजच्यासारखी दोन बोटं चौकटीवर टेकवली, खाली ओढली आणि पायऱ्या उतरले.

चौकटीवर चुना होता. ओला. एक थेंब ओघळून खाली चालला होता.

मी पुसला. त्या दिवशी शाळेत मला बेरीज चुकल्याचं एका मुलीनं दाखवून दिलं.

३

नवरात्रात द्वारकाबाई यायच्या. मामंजींच्या गावच्या त्या कुणबीण. दरवर्षी कर्णपुऱ्याच्या देवीच्या जत्रेला आल्या की आमच्याकडं एक वेळ फराळाला थांबत. नानासाहेबांच्या पाया पडल्याशिवाय त्यांची जत्रा पुरी व्हायची नाही. ह्या वेळी त्या आल्या तेव्हा शाळेला सुटी होती आणि मामंजी वाचनालयातून परतायचे होते. मी आतून "या, या" म्हणत बाहेर आले तर बाई ओट्यावर उभ्या. गाठोडं डोक्यावर तसंच, आणि नजर चौकटीवर.

"मास्तरीणबाई, ही बोटं कुणाची?"

"काय माहीत. रोज पुसते, रोज येतात."

"पान खाणारं हाय का कुणी घरात?"

"नाही."

त्या मागं सरकल्या, पायरी उतरल्या आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. "मग म्या आत येत नाय. तुमी बाहीर या."

मी अंगणात गेले. त्यांना पाणी दिलं, पण तांब्या त्यांनी तसाच हातात धरला. आणि मग जे सांगितलं ते सासरच्या कुणीही मला सांगितलेलं नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांनी गाव जाळलं आणि त्यात मामंजींची बहीण गोदाक्का आणि तिची मुलगी गेल्या.

"श्रावणात आले ते," द्वारकाबाई म्हणाल्या. "दिवेलागण झाल्ती. बाहेरची माणसं. आमचं गाव त्यायनं कधी बघितलं बी नव्हतं. पर कुठल्या घरात शिरायचं ते बरोबर ठावं. ज्या घरची पोरं निजामाशी लढायला हद्दीपल्याड कॅम्पात गेल्ती ना, तीच घरं धरली. शेजारच्या घराला हात लावला नाय. माझा मालक, कडूबा, दारातच पाडला. धाकट्या दिराला आत. म्या कडब्याच्या गंजीत शिरले म्हणून राहिले. सकाळी बघितलं तर अर्ध्या जळल्या चौकटींवर चुन्याची दोन बोटं. व्हय, अशीच. ह्याच उंचीला."

"कुणी केलं ते कळलं?"

"चांदभाई तांबोळ्यानं. गावाला चुना त्योच इकायचा, दुसरं कोण? फौज आली, रझाकार पळाले, तवा लोकांनी त्याला पारावर आणलं. लई रडला. म्या नाय केलं, अल्लाकसम म्या नाय केलं म्हणं. मग लोक नानासाहेबांला म्हणाले, तुमची बहीण गेली, तुमी बोला. नानासाहेबांनी मान खाली घातली. ते काय बोलणार, त्यांचं दुःखच मोठं. मग लोकांनी..." बाईंनी पदर तोंडाला लावला. "त्याची बायको हाय अजून, खैरूनबी. गावाच्या कडंला ऱ्हाती. हिरीवर पाणी भरू देत नाय तिला. पोरं दारावर थुकून जातात. म्या बी कधी बोलले नाय तिच्याशी. ज्याच्या बोटानं माझा मालक गेला त्याची बाईल ती."

त्या पुन्हा चौकटीकडं बघायला लागल्या.

"पर चांदभाई तर मेला की हो. मग ही बोटं कुणाची?"

फराळाला न थांबता, नानासाहेबांना न भेटता त्या गेल्या. उद्यापर्यंत कर्णपुऱ्यातच जत्रेच्या पालात आहे, परवा गावाला जाईन, एवढं जाताना सांगितलं.

४

मामंजी आले, जेवले, पडले. मी दुपारभर स्वयंपाकघरात बसून राजगिरा निवडला. मला सगळं समजलं होतं आणि त्यातलं काहीच समजून घ्यायचं नव्हतं. छत्री घेऊन फाटकापर्यंत आलेला माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता.

ऊन कलल्यावर ते पाणी मागायला आले. मी तांब्या भरून वळले, तर ते दारातच थबकले होते आणि चौकटीकडं बघत होते. माझ्या चौकटीकडं. मी झोपायची त्या खोलीच्या.

तिथं दोन बोटं ओढलेली होती.

मामंजी उंबऱ्यावर बसलेच.  "भानू, तू आजच भावाकडं जा. जालन्याला. आत्ताच्या आत्ता नीघ."

"का?"

"ही बोटं ज्या दारावर असतात तिथं ते येतात."

"कोण?"

 मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"मामंजी, ते चांदभाईनं केलं नव्हतं ना?"

"नाही."

"तुम्हाला धमकावलं असेल."

"नाही."

"श्रीधर तेव्हा लहान होते. त्यांच्या जिवाची भीती घातली असेल. मानेवर तलवार ठेवली असेल." कच्च्या मुलीला फळ्यापाशी उत्तर सुचवावं तशी मी सुचवत होते. त्यातलं एक जरी त्यांनी उचललं असतं तरी मी ते मान्य केलं असतं, रीत न विचारता.

"कुणी भीती घातली नाही, भानू," ते म्हणाले. "खुर्ची दिली."

मला कळेना.

"तालुक्याच्या कचेरीत मी उभी हयात उभा राहिलो. हात बांधून, पागोटं सांभाळत. कारकुनाचा शिपाईसुद्धा बसलेला असायचा आणि मी उभा. त्या दिवशी रझाकारांच्या म्होरक्यानं बोलावलं. गेलो, तर तो स्वतः उठला. 'आइए कुलकर्णी साहब, तशरीफ रखिए.' चहा मागवला. म्हणाला, राज्य आपलंच टिकणार, पण तुमच्या गावात बगावत कुणाकुणाची आहे तेवढं दाखवा. कागदावर काही नको. माझी माणसं गावात नवी आहेत, त्यांना घरं कळायला हवीत." मामंजींनी पुन्हा चौकटीकडं बघितलं. "चुन्याचं मीच सुचवलं. त्यानं विचारलंही नव्हतं. कुलकर्णी घरोघर जातो, ओट्यावर बसतो, निघताना लोक पान देतात. कुणाच्या लक्षात येणार? तो हसला, म्हणाला, बडे जहीन आदमी हैं आप. मला हुशार म्हणाला. आनंद झाला, भानू. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला."

"पुढं काय होईल ते ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"झडती घेतील, चार माणसं धरून नेतील, असं वाटलं."

"खरंच वाटलं?"

बाहेर कुणाच्या तरी घरी घटापुढं आरती चालू झाली होती. ती संपत आली तेव्हा ते म्हणाले, "वाटवून घेतलं."

"आणि गोदाक्का?"

त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्या दोन बोटांकडं बघितलं.

"दुपारचा विडा मी रोज तिच्याकडं खायचो. तिला चौकटीला डाग खपायचा नाही. मी पान लावायला घेतलं की ही फडकं घेऊन उभी. 'दादा, बोटं इथं पूस.' त्या दिवशी सगळी घरं करून शेवटी तिच्याकडं गेलो. ती फडकं आणायला आत वळली आणि तेवढ्यात माझी बोटं चौकटीवर गेली. सकाळपासून तेच करत होतो, हाताला वळण पडलं होतं. मला कळलंसुद्धा नाही. घरी आलो आणि जेवलो."

मी रडले. गोदाक्कासाठी रडले, चांदभाईसाठी रडले, आणि लाज वाटते सांगायला, पण सगळ्यांत जास्त माझ्यासाठी रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "खैरूनबी जिवंत आहे, मामंजी. गाव तिला पाणी भरू देत नाही. द्वारकाबाई उद्यापर्यंत कर्णपुऱ्यात आहेत. सकाळी आपण दोघं जाऊ. तुम्ही त्यांना एवढंच सांगा की चांदभाईनं केलं नव्हतं."

"आणि तुझं काय होईल? शाळेत तोंड दाखवशील? कुणाची सून म्हणून ओळखतील तुला?"

"माझं मी बघेन."

"श्रीधरच्या नावाला बट्टा लागेल."

"ते गेले, मामंजी. ती बाई आहे."

"तुझ्यासाठीच गप्प राहतोय मी, भानू."

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा राग आला. इतकी वर्षं ते गोदाक्काच्या मरणाआड लपले होते, आणि आता माझ्याआड लपत होते. मी उठले, ओलं फडकं आणलं, माझी चौकट खसाखसा पुसली आणि फडकं पिळून दोरीवर टाकलं. त्यांना पाणी दिलं. हात धरून उठवायला मात्र माझा हात पुढं झाला नाही. ते चौकटीला धरून स्वतःच उठले आणि आपल्या खोलीत गेले.

५

तिन्हीसांजेला मी देवापाशी दिवा लावायला मामंजींच्या खोलीत आले. ते खाटेवर बसले होते. मी काडी ओढली आणि त्याच वेळी बाहेर ओट्यावर माणसं टेकल्याचा आवाज झाला. घाई नव्हती त्यात. लांबून चालत आलेली माणसं बसतात तसं हळूहळू, एकामागून एक. कुणी खाकरलं. कुणी धोतर झटकलं. एक लहान पोरगी काहीतरी पुटपुटली आणि तिला कुणीतरी गप्प केलं. मग सगळे वाट बघत राहिले.

जत्रेची माणसं असतील, मी स्वतःला म्हणाले. दमून ओट्यावर टेकली असतील. आमचा ओटा जत्रेच्या वाटेवर नव्हता, तरीही म्हणाले.

बैठकीच्या खोलीतून आवाज आला. कट्. मग डब्याचं झाकण उघडल्याचा. मग कुणीतरी पान पुसत असल्याचा, मांडीवर घासून पुसतात तसा. तो हिरवा वास आता देवाच्या उदबत्तीवर चढला.

मामंजी उठले. त्यांना बोलावल्यासारखे मधल्या दाराशी गेले. दाराची एक फळी मिटलेली होती, दुसरी अर्धी उघडी. बैठकीत अंधार होता आणि माझ्या समईचा उजेड जेमतेम चौकटीपर्यंत पोचत होता. त्या उजेडात, फळी आणि चौकटीच्या मधून, एक हात पुढं आला होता.

बाईचा हात. बांगडी नसलेला. कोपरापर्यंत काळा. चुलीचं काळं कसं असतं आणि त्याहून वेगळं काळं कसं असतं, ते मला त्या दिवशी समजलं. हातात चौपदरी घडी केलेलं फडकं होतं. हात थरथरत नव्हता, बोलावत नव्हता, रागावलेलाही नव्हता. रोज दुपारी जसा पुढं होत असेल तसा तो पुढं झालेला होता.

"गोदे," मामंजी म्हणाले. इतका लहान आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"घ्या, मामंजी," मी म्हणाले. माझं तोंड कसं उघडलं ठाऊक नाही. "ती देतेय. घ्या ना."

त्यांनी हात उचलला. दोन बोटं पुढं गेली. आणि मग त्यांनी तो हात मागं घेतला, दुसराही मागं घेतला, आणि चोरी लपवणाऱ्या पोरासारखे दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

तो हात थांबला होता. किती वेळ ते सांगता येणार नाही. समईची वात एकदा खाली बसून वर आली, आणि फळीच्या मागं नुसता अंधार होता.

ओट्यावरची माणसं उठून गेल्याचा आवाज मात्र मी ऐकला नाही. ती उठली की नाही, मला माहीत नाही.

उंबऱ्यावर फडकं पडलं होतं. माझंच, रोजचं, कडेला निळा दोरा असलेलं. दुपारी मी ते ओलं पिळून मागच्या दोरीवर टाकलं होतं. आता ते कोरडं होतं आणि त्याची चौपदरी घडी होती. मी फडक्यांच्या घड्या घालत नाही.

६

सकाळी सडा घालायला दार उघडलं तर मामंजी ओट्यावर बसलेले. पाठ चौकटीला टेकलेली, टोपी नीट, डोळे मिटलेले. हाक मारण्याआधीच मला कळलं होतं. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी निघाली होती, मांस दिसत होतं. कळीच्या चुन्यात बोटं राहिली की अशी भाजतात. डॉक्टर म्हणाले, गरम भांडं लागलं असेल.

अंत्ययात्रेला पुष्कळ माणसं आली. जुन्या गावचेही चार जण ट्रकमधून आले. त्यातल्या एकानं सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं की नानासाहेबांनी गावापायी सख्खी बहीण गमावली, असा माणूस होणे नाही. लोकांनी माना डोलावल्या. बायकांनी स्मशानात जायचं नसतं, तरी मी गेले होते आणि चितेकडं बघत होते. मला त्यांची आठवण येत होती आणि त्यांची शिसारी येत होती, आणि दोन्हीतलं एकही कमी होत नव्हतं. अजूनही होत नाही.

त्या दिवसापासून आमच्या चौकटी कोऱ्या राहिल्या. कदाचित ते खरंच कुठूनतरी चुना आणत असतील. बोटं भाजली त्याचंही कारण मग तेच. हात बघितला तेव्हा माझीच नजर चुकली असेल. ही रीत मी पुष्कळदा मांडून बघते. फडक्यापाशी येऊन ती अडते.

७

तेरावा झाल्यावर मी एसटीनं गावाला गेले. द्वारकाबाईंना आधी निरोप धाडला होता. त्या फाट्यावर न्यायला आल्या, पण कुठं जायचंय ते कळल्यावर मागं रेंगाळल्या. "तिच्या दारात म्या येत नाय, मास्तरीणबाई. लांब उभी ऱ्हाते."

गावाच्या कडेला, ओढ्याशेजारी, एका खोलीचं घर. दारात पाण्याचे दोन डेरे. त्यातलं पाणी ओढ्याचं गढूळ होतं. खैरूनबी बाहेर आल्या. वाकलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोण हाय?"

"व्यंकटराव कुलकर्ण्यांची सून."

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "नानासाहेबांची? अगो माय. बैठो. हमारे घरकू कोई आता नै. उन्हातून आल्या. पान खाल?"

विधवा बामणीनं पान खायचं नसतं. मुसलमानाच्या हातचं तर विचारूच नका. मी हो म्हणाले.

त्या आत गेल्या. जुना पितळी डबा घेऊन बाहेर आल्या आणि दारातच बसल्या. बाजारच्या गावी त्या अजून पानं विकत होत्या, ह्या गावात कुणी घेत नव्हतं. त्यांनी पान पुसलं, चाचपडत देठ खुडला, चुना लावला. दिसत नसल्यानं तो जास्तच लागला, पानाच्या पाठीवरही गेला. मी हातात घेतलं तेव्हा माझ्या दोन बोटांना तो लागला. थंड होता.

पान मी तोंडात घातलं. तिखट, हिरवं. डोळ्यांत पाणी आलं. मागं लांबवर द्वारकाबाई पदर डोक्यावर ओढून रस्त्यात उभ्या होत्या. सांगायचं वाक्य मी एसटीत पाठ करत आले होते. ते आता आठवेना. शाळा आठवली. श्रीधर आठवले. पावसात ती छत्री माझ्यावर जास्त आणि स्वतःवर कमी धरणारा हात आठवला. पान खाऊन, दोन गोड शब्द बोलून परत जाता येईल, असंही वाटून गेलं.

आणि तेव्हा मला माझा उजवा हात दिसला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. जन्मात मी कधी पान खाल्लेलं नव्हतं, त्याला ते वळण कुठून असणार? पण तो उचलला गेला होता आणि त्याची दोन बोटं खैरूनबींच्या चौकटीपासून चार अंगुळांवर आली होती.

मी तो हात डाव्या हातानं मनगटापाशी धरला. पिशवीतून निळ्या दोऱ्याचं ते फडकं काढलं आणि बोटं पुसली. मग, द्वारकाबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "खैरूनबी, चांदभाईंनी केलं नव्हतं. कुणी केलं ते मी सांगायला आलेय."